वळणावरचं झाकण

२ एप्रिल २०२५, बुधवार

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतो, रुपालीनं विचारलं तर सांगता आली पाहिजे. अकरा वीसला अय्यूबभाई म्हणाले, झाकणावर हात ठेव. ठेवला. दहा मोजले, उचलला. त्या काळ्या पत्र्यावर माझा पंजा उमटला होता. कडेनं लाल, मग हिरवा, मधोमध निळाशार. पेरांसकट, रेषांसकट. दोन मिनिटांत विझून गेला आणि मी येड्यासारखा हसत उभा. अडीच वर्षं मेकॅनिकल शिकलो, उष्णता म्हणजे फळ्यावरचे डेल्टा-टी. ती डोळ्यांनी दिसते, हे आज कळलं.

आता पहिल्यापासून लिहितो. राळेगावहून सकाळची एसटी, यवतमाळला उतरून ऑटोनं लोहारा एमआयडीसी. शेड बाहेरून गोडाऊनच वाटतं. शेजारी कापसाचं जिनिंग, मागे बाभळी. बाहेर बेचाळीस अंश आणि आत एसीनं चोवीसवर धरलेली खोली. मधल्या काचेच्या दाराच्या अलीकडे छोटी खोली, तिथे माझं टेबल, माझी खुर्ची. आयुष्यात पहिल्यांदा माझी खुर्ची.

काम असं. जेट इंजिनातल्या टर्बाइनची पाती पेटत्या वायूत फिरतात. वायू एवढा तापलेला की धातू वितळून जावा. वितळत नाही, कारण पाती आतून पोकळ असतात, त्यांच्या पोटातल्या अरुंद वाटांतून हवा पळते आणि भिंतींची उष्णता घेऊन जाते. कुठे किती घेते, ते आम्ही मोजायचं. खऱ्या वाटा नखाएवढ्या, म्हणून इथे वीसपट मोठी नक्कल आहे. सगळे तिला डक्ट म्हणतात. सरळ जाते, वळते, परत येते. वीतभर रुंद, चार बोटं उंच. वरून एक थर दिलाय, तो तीस अंशाला लाल होतो, मग हिरवा, तेहतीसला निळा. वर कॅमेरा. खऱ्या इंजिनात भिंत तापलेली आणि हवा थंड. इथे हवा तापवून सोडायची, भिंत थंड. अय्यूबभाई म्हणतात, गणित तेच, फक्त कोणाचं कोणाले जाते ते उलटं.

वळणावर पातळ पत्र्याचं झाकण आहे. रोज पहिल्या रनच्या, म्हणजे चाचणीच्या, आधी त्याच्यावर पंजा ठेवून रंग जागे आहेत का पाहायचं, ही इथली पद्धत. भिंतीवर मार्करनं मोठं लिहिलंय: दहा. दहा मोजायचे, उचलायचा. अय्यूबभाई पुसदचे, डक्टमध्ये हवा सोडणारा ब्लोअर आणि मोटारींचं सगळं त्यांच्याकडे. म्हणाले, एवढा निळा पंजा कोणाचाच पाह्यला नाही, डोकं बी असंच गरम हाये का बावा? मी म्हटलं, कॉलेजात विचारून या.

पुंडलिकराव सर मालक. साठीच्या पुढचे, हळू बोलणारे, हात कायम पाठीमागे. म्हणाले, पन्नास रन नीट झाले की अहवाल जाईल, आणि त्याच दिवशी तुमच्या हाती कायम केल्याचं पत्र देईन. मला अहो-जाहो! कॉलेजातल्या सरांनी अडीच वर्षांत केलं नाही.

गेटवर भावसिंगभाऊ चौकीदार आहेत. बेचाळीस अंशात, उन्हात, अंगात स्वेटर. मी हसलो. ते नाही हसले.

५ एप्रिल

वच्छलाबाईंच्या मागच्या खोलीत राहायला आलो. डबाही त्याच देतात. पहिल्याच दिवशी विचारलं, लग्न झालं का. म्हटलं, पंचवीस मेपर्यंत थांबा, सांगतो.

पंचवीस मेचं इथेच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. (घोळणारच.) रुपालीचे बाबा एसटीत कंडक्टर. पंचवीसला वर्ध्याचा एक मुलगा तिला पाहायला येणार आहे, पतसंस्थेत आहे म्हणे. रुपालीनं घरी माझं नाव सांगितलं. तिचे बाबा म्हणाले, तो मारामारी करून कॉलेज सोडलेला पोट्टा? आणा म्हणावं कायम नोकरीचा कागद पंचवीसच्या आधी, मग बोलू.

मारामारी केली, खरं आहे. त्या मुलानं होस्टेलात रुपालीबद्दल जे शब्द काढले ते मी इथेही लिहिणार नाही. त्याचा दात पडला, माझी उजवी करंगळी मोडली. ती वाकडीच जुळली. प्राचार्य म्हणाले माफी माग. नाही मागितली. बॅग उचलून आलो. आजही तसंच करीन.

म्हणजे हिशेब सोपा आहे. पन्नास रन, पन्नास दिवसांच्या आत. तिच्यासाठी मी रोज चार करीन.

१५ एप्रिल

काल जयंतीला गावी गेलतो. पहाटेपासून निळे झेंडे, संध्याकाळी मिरवणूक. नाचून नाचून पाय गेले. चौकात गर्दीत रुपाली पांढऱ्या साडीत, मैत्रिणींसोबत. बाजूनं जाताना तिनं दोन सेकंद हात धरला आणि सोडला. म्हणाली, तुहा हात आहे का भट्टी रे? मग गेली. ते दोन सेकंद मी एसटीत राळेगाव ते यवतमाळ मोजत आलो.

रन नऊ झाले. वळणावरचे आकडे गणितात बसत नाहीत. सरळ भागात सगळं छान, वळणावर पसारा. सर झाकणाकडे पाहत उभे राहतात.

१९ एप्रिल

आज डोकं फिरलं. रुपालीचा फोन आला, रडत होती. तिच्या बाबांनी डेपोत चार लोकांत म्हटलं म्हणे, अर्धवट शिकलेल्याच्या घरी लेक देऊ का. फोन ठेवला आणि स्टूलला लाथ मारली. अय्यूबभाई चहा प्यायला गेले होते. रन लावायचा होता म्हणून झाकणावर हात आपटला, आणि उचललाच नाही. दहा झाले, तीस झाले, शंभर झाले. मला मोजायचंच नव्हतं.

आणि राग उतरला. हळूहळू, तळहातातून. दुपारच्या उन्हातून येऊन पाय पाण्यात सोडावेत, तसं बरं वाटलं. उभ्या उभ्या डोळे मिटले.

त्यानंतरचा रन आजवरचा सगळ्यात चांगला. वळणावरचा प्रत्येक ठिपका रेषेवर. सर पहिल्यांदा हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवतील वाटलं, नाही ठेवला.

२२ एप्रिल

परत ठेवला. काल आणि आज. काल वर्ध्याच्या त्या मुलाचा फोटो रुपालीनं पाठवला, चिडवायला. कायले पाठवला? आज तर काही कारणही नव्हतं, नुसती तिची आठवण. आठवण आली की छातीत एक भिरभिरं फिरत राहते, बसवत नाही, जेववत नाही, खोलीत येरझाऱ्या. हात ठेवला की ते थांबते.

अय्यूबभाईंनी पाहिलं आणि चिडले. एवढे चिडलेले कधी पाहिले नव्हते. दहा म्हणजे दहा, म्हणे, भिंतीवर काय शोभेले लिवलं काय? मी विचारलं, जास्त झाले तरी काय होते? तर ब्लोअरचा नट आवळत बसले.

पंजा विझायला आज अकरा मिनिटं लागली. पत्रा तेवढाच पातळ. घड्याळ लावून पाहिलं.

रन अठरा. सगळे चांगले.

२८ एप्रिल

सकाळी नऊला खोली मीच उघडली. ब्लोअर काल संध्याकाळपासून बंद. एसी चालू, भिंतीवरच्या तापमापकावर चोवीस.

झाकणावर पंजा होता.

आधी वाटलं अय्यूबभाईंनी मस्करी केली. पण ते माझ्यानंतर आले. मग वाटलं कालचा माझाच, विझला नाही. पण माझा उजवा असतो, अंगठा डावीकडे येतो. याचा अंगठा उजवीकडे होता. डावा हात? डावा मी कधी ठेवलाच नाही.

मग करंगळी दिसली. वाकडी. माझी उजवी करंगळी.

हात उलटा कधी दिसेल, ते टेबलावर काच ठेवून करून पाहिलं. उजवा तळहात काचेखालून वर टेकवला, की वरून तस्साच दिसतो. म्हणजे तो हात उजवाच होता. खालून टेकवलेला. आतून.

डक्ट चार बोटं उंच आहे. माझा हात मनगटाच्या पुढे आत जात नाही.

३० एप्रिल

अय्यूबभाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं नाही, हसले नाहीत, पाना घेतला. आम्ही दोघांनी आठही स्क्रू काढून झाकण उचललं. आत काही नाही. हवा घुसळायला बसवलेल्या नेहमीच्या आडव्या पट्ट्या, स्वच्छ. टॉर्च मारून वळणाच्या दोन्हीकडे पाहिलं. फक्त आतून हवा आली तोंडावर. मंद, ऊबदार. थांबून परत आली. ब्लोअर बंद होता. वळणावरचं थर्मोकपल, तापमान मोजणारी तार, सदतीस अंश दाखवत होतं, डक्टवरची बाकीची तेवीस थर्मोकपलं चोवीस अंशांवर.

अय्यूबभाई तोबा तोबा म्हणत मागे सरले आणि मला बाहेर घेऊन आले. मग बाभळीखाली बसून सांगितलं. माझ्या आधी रीडिंग गेटवरचे भावसिंगभाऊ घ्यायचे. मोठा तापट माणूस. गाणारा, भांडणारा, दर रविवारी तांड्यावर जाऊन बायकोशी भांडून येणारा आणि तिच्याचसाठी बांगड्या नेणारा. भांडून आला की झाकणावर हात ठेवून उभा राहायचा. म्हणे, बरं वाटते. त्याचेही रन असेच सुंदर आले होते. मग त्याचा पंजा उमटेनासा झाला. गेल्या होळीला त्याची बायको वारली. निरोप आला तेव्हा तो इथंच होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, चहा झाला का?

मी म्हटलं, मग तुम्ही मला पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं. अय्यूबभाईंनी बाभळीची एक काडी मोडली. मग म्हणाले, सांगितलं तं होतं बावा, दहा मोज म्हणून. अकरावा त्या आतल्याचा असते.

नोकरी सोड म्हणाले. मी म्हटलं, पंचवीस मे. पत्र हाती पडू द्या, त्याच पायी निघतो. दहाच मोजीन. अगदी दहाच.

५ मे

दहाच मोजतो. खरंच. पण दहा लांबत चाललेत. पाच म्हणेपर्यंत डोळे मिटतात आणि आठ आणि नऊच्या मधे कितीतरी वेळ जातो. अय्यूबभाई बाजूला घड्याळ धरून उभे राहतात, ओरडतात, कधी शर्ट धरून ओढतात. झाकणाला किंवा माझ्या हाताला मात्र शिवत नाहीत.

वच्छलाबाईंकडे गोधडी मागितली. त्या म्हणाल्या, बापा, रात्रीही पंखा गरम हवा फेकून राह्यला अन् तुले गोधडी? डबा देताना बोटं लागली तर हात झटकन मागे घेतला. मग कपाळाला हात लावून पाहिलं आणि ताप नाही म्हणाल्या. तापाच्या उलटं काय असते ते त्यांनाही माहीत नाही.

रुपालीला चार दिवस फोन केला नव्हता. आठवण नाही आली. चुकून राहिलं असं नाही, आठवणच नाही आली. आज तिनं केला. काहून फोन नाही, म्हणून रडली. मी हो हो म्हणत होतो आणि पंख्याची पाती मोजत होतो. तीन.

रन एकतीस.

९ मे

आज रुपालीच्या बाबांचा फोन आला. त्यांच्याकडे नंबर कुठून आला कोण जाणे. मला काय काय म्हणाले. माझ्या बापाला काय काय म्हणाले. शेवटी म्हणाले, बोल ना आता, तोंड शिवलं काय?

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला. टेबलाशी बसून वाट पाहिली. आता राग येईल, आता येईल. कान तापतील, करंगळी दुखेल, राग आला की ती दुखतेच. काही आलं नाही. अंगात रिकामी खोली असावी तसं. हाक मारली तर घुमेल.

पंजा आतून उमटला तेव्हा मी एवढा भ्यालो नव्हतो.

रुपालीला लगेच फोन लावला, म्हटलं बोल काहीतरी, चिडव मला, त्या वर्ध्यावाल्याचं सांग. ती घाबरली. म्हणाली, तुह्या आवाजाले काय झालं, तू दुसऱ्याच कोणासारखा बोलतो.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. घरी आई खीर करते, गेलो नाही. अय्यूबभाई आले नाहीत. दुपारी पुसदहून त्यांचा फोन. परत येणार नाहीत. हत्यारांची पेटीही इथंच सोडली, तीस वर्षांची पेटी. काय झालं विचारलं. काल मला झाकणापासून ओढताना चुकून त्यांची कोपरं पत्र्याला टेकली म्हणे. एवढंच. पण घरी गेल्यावर नातीनं गळ्यात उडी मारली आणि त्यांना काही वाटलं नाही. एक अख्खा मिनिट, म्हणे, मले काहीच नाही वाटलं, धम्मा. मग वाटलं. मग मी बसून रडलो.

तू बी निघ, म्हणाले. आत्ता निघ. मी म्हटलं, चव्वेचाळीस झालेत. ते म्हणाले, कोणासाठी करून राह्यला? मी सांगायला तोंड उघडलं. नाव आठवायला क्षण लागला.

ब्लोअर आता मीच चालवतो. ओढायला कोणी नाही.

१५ मे

हात ठेवला. दहा. उचलला. पत्रा काळा.

परत ठेवला. शंभर. काळा. सरळ भागावर ठेवून पाहिला – काळा. थर खराब झाला म्हणावं तर चहाचा कप टेकवला, लगेच निळं वर्तुळ.

मग झाकणावर हात तसाच ठेवून उभा राहिलो आणि माझ्या बोटांच्या कडांनी निळं यायला लागलं. खालून. बोटाला बोट लावून. करंगळीला करंगळी. एवढा निळा, एप्रिलमध्येही माझा नव्हता.

सर मागे उभे होते. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. घाबरायचं कारण नाही म्हणाले, सेहेचाळीस झाले, चारच राहिले. फक्त आता हात बदलावा लागेल.

मी विचारलं, आत काय आहे.

ते खूप शांतपणे म्हणाले, आमच्या मोजमापात त्याला जागा नाही. पण ते आल्यापासून वळणावरचे आकडे जगात कुठे बसत नाहीत तसे इथे बसतात. उद्या त्या आकड्यांवर विमानं उडतील, हजारो माणसं सुखरूप उतरतील. त्यापुढे एका माणसाची ऊब ती केवढी.

मला वाटलं, बरोबरच आहे. हे भयंकर आहे ना? मला ते बरोबर वाटलं. म्हणून लिहून ठेवतो, की हे भयंकर आहे.

१७ मे

रुपालीचा फोन. ती येते म्हणाली. घरी यवतमाळला मैत्रिणीकडे जाते सांगून. मंगळवारी. तुले पाह्यल्याशिवाय मले झोप नाही, तू काय काम करतो ते दाखव मले.

नको म्हणायचं होतं. लिहून ठेवतो: नको म्हणायचं.

१८ मे

फोन केला नाही. वहीत लिहिलेलं पाहिलं, फोन हातात घेतला, मग ठेवून दिला. कशासाठी ते –

जयंतीचं पान परत वाचलं. दोन सेकंद, एसटी, मोजत आलो. अक्षर माझंच. कोणीतरी खूप सुखात होतं, एवढं कळते.

१९ मे

सरांनी विचारलं, उद्या कोणी येणार आहे का. मी सांगितलं. का सांगितलं? विचारलं म्हणून. ते म्हणाले, स्वभावानं कशी आहे? मी वहीतून वाचून दाखवलं. चिडवते. रडते. गर्दीत हात धरते.

सर म्हणाले, छान.

आता तिला फोन कर. धम्मरत्न, फोन कर. एसटीत बसू नको म्हण –

केला नाही.

२० मे, मंगळवार, दुपारी दोन

आली. उन्हानं लाल झालेली, ओढणी डोक्यावर, हातात पाण्याची बाटली. मला पाहून धावत आली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. मग तिचे हात आपोआप सुटले. ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, चल. आत्ता चल माझ्यासंग. नोकरी गेली चुलीत, बाबांचं मी पाहून घेतो, तुले दवाखान्यात नेतो. माझ्या मनगटाला धरून गेटपर्यंत ओढत नेलं. मी चालत होतो. गेटपाशी थांबलो. ती ओढत होती, मी थांबलेलो. मुद्दाम नाही. पुढे पाय टाकायचं कारण सापडेना.

सर बाहेर आले. तिला ताई म्हणाले. उन्हात कशाला उभ्या, आत गारवा आहे, यांना अशक्तपणा आलाय, पाणी घ्या, मी डॉक्टरांना फोन लावतो. ती माझ्यासाठी आत आली.

दोन वीस

मी टेबलाशी. ती आतल्या खोलीत, काचेच्या दारापलीकडे. सर तिला रंग दाखवताहेत. आवाज येतो. ती विचारते, याच्यानंच झालं काय याले असं? सर म्हणतात, तपासून पाहता येईल, त्यासाठी घरच्या माणसाचा हात लागतो. तुलना करायची. तुमचा इथे, दहा मोजा फक्त.

ती म्हणते, मी ठेवला तर याले बरं वाटेल?

दोन पंचवीस

वहीची पहिली पानं. तिच्यासाठी मी रोज चार करीन. तिच्यासाठी दात पाडला. माफी नाही मागितली. आजही तसंच करीन.

म्हणजे मी उठायला पाहिजे. आत जायचं, तिला ओढायचं, बाहेर. असा माणूस असतो तर त्यानं हेच केलं असतं. करतो. उठतो.

उठलो. उभ्यानं लिहितो. दारापर्यंत सहा पावलं.

दार ढकललं. ती वळून बघते. तिनं ओढणी खांद्यावर टाकलीय, उजव्या हाताची बाही वर. हसली, मला धीर द्यायला. तिचे डोळे ओले. म्हणते, भिऊ नको रे, दहाच तर मोजायचे.

सांग तिला. रुपाली, नको. दोन शब्द. तोंड उघडलं आहे. ते दोन शब्द कोणासाठी, कशाला –

सर म्हणतात, दार. गरम हवा आत येते, आकडे हलतात.

ती मोजायला लागली. एक. दोन.

बरोबर. रन चालू असला की दार उघडं ठेवत नाहीत. सत्तेचाळीसावा आहे.

तीन. चार. माझं नाव घेते, मधेच. पाच.

मी बाहेर येतो. मागे हात करून दार ओढून घेतो. कडी –